विहिरीच्या चित्राखाली नाव

यवतमाळ जिल्ह्यातली एक शाळा. चित्रकार तिथं दर शनिवारी येतो. त्याच्या वर्गातल्या काही मुलांच्या वडिलांनी आत्महत्या केली आहे, काहींचे आईबाप कामासाठी परगावी आहेत, दोघं-तिघं कुणाशी बोलतच नाहीत. नववीतल्या एका मुलानं आपल्या शेतातली विहीर रंगवली आहे. वडील त्याच विहिरीत गेले. २६ जानेवारीला देणगीदार येणार आहेत आणि वर्गाचा पुढच्या वर्षीचा खर्च त्यांच्या हातात आहे. मुख्याध्यापिका बाईंनी या चित्रकाराला कधीकाळी शिकवलं आहे, त्यामुळे अरेतुरे. (शाळा आणि ही दोघं कल्पनेतली आहेत. पेच मात्र तसा नाही.)

बाई : हे चित्र मधोमध लाव. पाहुण्यांची नजर आधी तिथंच गेली पाहिजे.

चित्रकार : आणि त्यांनी विचारलं, ही विहीर कुणाची, तर?

बाई : तर सांगायचं. खोटं थोडंच आहे?

चित्रकार : बाई, त्या घरानं हे किती जणांना सांगितलंय? तलाठी, पोलीस, वार्ताहर. एक लाखाच्या मदतीसाठी कर्ज किती, नापिकी किती, सगळं सिद्ध करावं लागलं, तेव्हा कुठं समितीनं ‘पात्र’ ठरवलं. त्या घरातली पुरावा म्हणून न केलेली ही एकच गोष्ट असेल. ती मी पुन्हा पुराव्याला जोडू?

बाई : मग समुपदेशक ताईंना दे. त्या फाइलला लावायला मागतच होत्या.

चित्रकार : तेही नको. काळा रंग म्हणजे दुःख, खोली म्हणजे अमुक. त्यानं ते पाणी किती वेळा खरवडलं, ठाऊक आहे? चिडून म्हणाला, “सर, पाणी खोल दिसून नाही राह्यलं.” मी म्हटलं, काठाचा दगड उजळ करून बघ. केला, आणि पाणी खाली गेलं. माझं काम तेवढंच.

बाई : सोयीचं आहे. मुलाच्या मनात काय चाललंय ते विचारायची जबाबदारी नको, म्हणून दगड उजळ करायचा.

चित्रकार : चित्रकलेतून उपचार करणाऱ्या एडिथ क्रेमरनं १९५० पासून न्यूयॉर्क राज्यातल्या विल्टविक शाळेत अशाच मुलांबरोबर काम केलं, आयुष्यानं बिथरवलेल्या मुलांबरोबर. तिच्या आधीच्या मार्गारेट नॉमबर्ग यांचा भर चित्रातून मनातलं वर आणण्यावर आणि मग त्याबद्दल बोलण्यावर होता. क्रेमरचं म्हणणं वेगळं. चित्र जमवण्यासाठी मूल जी झटापट करतं, तीच त्याला सावरते. मी तिच्या बाजूचा.

बाई : आणि उद्या एखाद्या मुलीनं चित्र दाखवून सांगितलं, घरातला माणूस त्रास देतो, पण कुणाला सांगू नका?

चित्रकार : तेव्हा क्रेमर बाजूला. पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवावंच लागतं, म्हणून गुपिताचं वचन मी देतच नाही. पहिल्याच शनिवारी सांगतो, तुम्ही न सांगितलेलं मी उकरणार नाही, पण कुणी तुम्हाला इजा करतंय असं कळलं तर गप्प बसणार नाही.

बाई : हे बरं केलंस. आता प्रदर्शनाचं बोल.

चित्रकार : पाहुण्यांपुढे मुलांची कला म्हटलं की मला तेरेझिन आठवतं. नाझींनी ज्यूंना कोंडलेलं गाव. जून १९४४ मध्ये रेडक्रॉसची माणसं बघायला आली, तर त्यांना मुलांचा ‘ब्रुंडिबार’ ऑपेरा दाखवला. इथं सगळं कसं छान चाललंय! म्हणून चित्र लावायचंच, तर निदान नाव झाकून.

बाई : वर्गाला पैसे देणाऱ्या माणसाला तू नाझींच्या रांगेत बसवतोस? उद्या मुलांना रंग कुठून आणणार आहेस? आणि तेरेझिन काढलंसच, तर पुरतं काढ. तिथं फ्रीडल डिकर-ब्रांडाइस होती ना? बाउहाउस कलाशाळेत शिकलेली. मुलांना चित्र शिकवायची आणि प्रत्येकाला चित्रावर नाव लिहायला लावायची. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला आउशवित्झला नेलं, मारलं. मागे दोन सुटकेस उरल्या, त्यात सुमारे ४,५०० चित्रं. आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात ती आहेत, आणि बहुतेक मुलं गेली तरी कोणतं चित्र कुणाचं हे सांगता येतं. नाव झाकून तू मुलाला वाचवतोयस की पुसतोयस?

चित्रकार : त्यांच्यापुढे मरण होतं. याच्यापुढे गावात काढायची वर्षं आहेत. आठवडी बाजारात कुणी म्हणेल, विहिरीचं चित्र काढणारा तोच ना हा?

बाई : त्याला विचारलंस?

चित्रकार : विचारलं. म्हणाला, “सर, नाव मोठं लिहजा.”

बाई : मग इतका वेळ माझ्याशी कशाला भांडतोयस?

चित्रकार : कारण तो चौदा वर्षांचा आहे. आज त्याला चित्र जमल्याचा आनंद आहे. पाहुण्यांना त्यात वडील दिसतील. तो कशाला हो म्हणतोय, हे त्याला पुरतं माहीत नाही.

बाई : मोठ्या चित्रकारांना तरी कुठं माहीत असतं? पण आईला मीही विचारलेलं नाही, हे खरं. उद्या तिला बोलावते. चित्र पहिल्यांदा तिनं बघायचं, एकटीनं.

चित्रकार : आणि ती नाही म्हणाली तर?

बाई : तर लागणार नाही.

चित्रकार : म्हणजे मुलाचा शब्द शेवटचा नाही?

बाई : नाही. चित्र त्याचं, पण विहीर तिचीही आहे. यात त्याच्यावर थोडा अन्याय होईल, तो मी करीन. ती हो म्हणाली, तर नाव मोठं, इयत्ता, आणि ‘विहीर, पोस्टर रंग’. त्यापुढे एक अक्षर नाही. बाजूला कहाणीचा कागद नाही, मुलाला चित्राशेजारी उभं करून फोटो नाही. पाहुण्यांना काही विचारायचंच असेल, तर पाणी इतकं खोल कसं दाखवलंस ते विचारावं.

चित्रकार : आणि देणगी?

बाई : त्यांना आजच फोन करते. भाषणात घरांच्या कहाण्या सांगणार नाही, हे कळूनही यायचं असेल तर यावं.