पाय सरकतो की हो!

21 जूनचा योग दिनाचा सोहळा सगळ्यांनी पाहिला. मला छळतंय ते 22 च्या सकाळचं दृश्य. मैदानाच्या कोपऱ्यात जांभळ्या-निळ्या योगा मॅटची थप्पी, पावसात भिजलेली. काहींवर किमतीची चिठ्ठी अजून तशीच. शेजारी फ्लेक्स.

असल्या स्वस्त मॅट बहुधा पीव्हीसीच्या असतात. त्या कुजत नाहीत, जाळल्या तर विषारी धूर सोडतात, आणि पावसात वाहिल्या की ओढ्यातून पंचगंगेत जातात. तासाभराच्या आसनांसाठी हे! पतंजलींच्या अष्टांगात आसन तिसरं येतं. अपरिग्रह, म्हणजे गरजेपलीकडे न साठवणं, त्याच्या आधी, पहिल्याच अंगात, यमांत सांगितलाय.

मॅटऐवजी सतरंजी का नाही, असं विचारलं तर कुणी म्हणालं मॅट स्वस्त पडतात, कुणी म्हणालं फोटो छान येतो. ते सोडा. पण 'सतरंजीवर पाय सरकतो की हो!' हे मला पाच जणांनी ऐकवलं, आणि तेही कोल्हापुरात! शाहू महाराजांनी 1912 साली कुस्तीचं खासबाग मैदान उभारलं त्या गावात! हळद, तेल, ताक, लिंबू घालून मळलेल्या तांबड्या मातीत इथले पैलवान पाय रोवतात, समोरून शंभर किलोचा गडी अंगावर येत असताना. तीच माती उकरून, चाळून पुन्हा वापरतात. बी. के. एस. अय्यंगार 1937 साली पुण्यात शिकवायला आले तेव्हा ही चिकट मॅट नव्हतीच. ती पुढे युरोपात गालिच्याखालच्या अस्तरातून निघाली. तोवर त्रिकोणासन करणारे सगळे काय आडवे पडत होते? अहो, टाच दाबून, मांडी ताठ ठेवून पाय सरकू न देणं हाच तर त्या आसनाचा अभ्यास! पायाचं काम मॅटनं केलं तर पाय शिकणार काय?

गवतावर घोंगडं अंथरून बघा. दख्खनी मेंढीची लोकर मुळातच खरखरीत, जागची हलत नाही.

गुडघे दुखणाऱ्याला जाड मॅट लागते, त्याच्याशी माझा वाद नाही. घरात मॅट असेल तर फाटेपर्यंत वापरा. कॉर्कची नवी 'पर्यावरणपूरक' आणण्यासाठी जुनी फेकणं तर त्याहून वाईट.

थप्पीतल्या चार मी घरी आणून धुतल्या. गल्लीतल्या अंगणवाडीची फरशी पावसाळ्यात ओलसर असते, तिथं देणार आहे. बाकीच्या काल संध्याकाळपर्यंत तरी तिथंच होत्या.