वसवा

बांधावरच्या झाडाची सावली शेजारच्या रानात पडते आणि तेवढ्या पट्ट्यातली ज्वारी खुरटते. त्याला आम्ही वसवा म्हणतो. वडिलांनी उत्तरेच्या बांधाला लिंबासाठी खड्डा घेतला, तेव्हा आधी शेजाऱ्याला विचारलं. तो नको म्हणाला. वडिलांनी खड्डा बुजवला आणि दहा पावलं आत दुसरा घेतला. कायद्याचं पुस्तक दोघांनीही पाहिलेलं नव्हतं.

मी मात्र विचारलं नाही.

शिरूरच्या जुन्या वस्तीत पोरांच्या शाळेसाठी घेतलेलं आमचं दोन गुंठ्यांतलं कौलारू घर होतं. शेजारची जागा बिल्डरनं आधीच घेतली होती. मीही दिली. तिथं सात मजले उभे राहिले. नकाशा मंजूर, काम नियमात. मुंबईसारखे काही भाग सोडले तर डिसेंबर 2020 पासून राज्यात बांधकामाची एकच नियमावली आहे. रस्ता किती रुंद, त्यावर किती बांधायचं. इमारत किती उंच, त्यावर किती अंतर सोडायचं, सगळं त्यात ठरलेलं आहे.

पण उत्तरेला काकूंचं अंगण. आमची पोरं शाळेतून आली की तिथंच जेवायची. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, वाळवणापुरतं ऊन मिळतं. पौषात सूर्य दक्षिणेला कलतो, भर दुपारीही सावली जवळजवळ इमारतीच्या उंचीएवढी पडते. काकू गुडघे शेकत बसायच्या, ते ऊन गेलं.

वकिलाला विचारलं. तो म्हणाला, 1882 चा सुविधाधिकार कायदा आहे. घराला वीस वर्षं विनाखंड उजेड-वारा मिळत आला असेल, तर त्यावर हक्क लागतो. पण ते घराचं झालं. अंगणात गुडघे शेकायचं त्यात कुठं येतं?

उंच बांधूच नये असं मी म्हणत नाही. रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला आलेली पोरं राहणार कुठं? माझा नातूसुद्धा फ्लॅटमध्येच राहतो. आडवी घरं पसरली तर रानंच जातील, दौंडकडं निघालं की रस्त्याच्या कडेनं ते दिसतंच. प्रश्न एवढाच, की मी विकलं ते सगळं माझं होतं का? मला जास्त भाव मिळाला तो वरच्या मजल्यांचा. त्या भावात काकूंचं ऊनही होतं.

मी गेलो, तर काकू रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसलेल्या. म्हणाल्या, "बस की. हितं तासभर येतं ऊन." मला बसवेना.

आता पुतण्या त्याची जागा द्यायची म्हणतोय. त्याला म्हणालो, "सही कर, पण पौषात भर दुपारी तिथं उभा राहा. सावली कुठं पडंल ते बघ आणि त्या दाराची कडी वाजव."

"आन् ते नको म्हणाले तर?"

मी त्याला आजोबांच्या बुजवलेल्या खड्ड्याचं सांगितलं. ऐकून तो गप्प बसला. अजून त्यानं सही केलेली नाही.