रेवतीला विचारलं कुणी?

धुंडा महाराजांच्या आमच्या देगलूरला भागवत सप्ताह काही नवा नाही. नवव्या स्कंधात ककुद्मी राजाची कथा लागली की मंडप माना डोलावतो. मला मात्र रेवतीची काळजी लागते. तिच्यासाठी स्थळ विचारायला बाप तिला घेऊन ब्रह्मलोकी गेला. तिथं गाणं चाललं होतं, म्हणून जरा थांबला. तेवढ्यात पृथ्वीवर 27 चतुर्युगं उलटली. मनात धरलेली स्थळं तर गेलीच, त्यांची नातवंडं-पतवंडंही गेली. मग ब्रह्मदेवानं बलराम सुचवला. रेवती जुन्या युगातली, फार उंच. तेव्हा बलरामानं नांगराच्या टोकानं ओढून तिला नव्या काळाच्या मापाची केली, असं विष्णुपुराण सांगतं.

एवढं सगळं होऊन रेवती अवाक्षर बोलत नाही. आईचं नाही, मैत्रिणींचं नाही.

माझी आजी बिदरकडची. निजामाच्या अमदानीत लग्न होऊन आली, तेव्हा तिला कानडीच यायची. इथं नावही बदललं. म्हातारपणी ज्वारी मापायला बसली की पहिल्या मापाला सासरच्या रीतीनं ‘लाभ’ म्हणायची, पायलीवरून हात सपाट फिरवायची, आणि दुसऱ्या मापापासून पुटपुटायची, एरडु, मूरु, नाल्कु. तेवढा वेळ ती कुणाची सून नसायची.

गीतेचा दुसरा अध्याय सांगतो, बालपण, तारुण्य, म्हातारपण देहाला, आत्मा तोच. मी ते मानते. पण तेवढ्यानं माझं भागत नाही. मला आजीतली ती परकरातली मुलगीच हवी आहे. फिलिपा पिअर्सबाईंनी 1958 साली मुलांसाठी लिहिलेल्या ‘टॉम्स मिडनाइट गार्डन’मध्ये ती सापडते. घड्याळाचे तेरा ठोके पडले की टॉम जुन्या काळातल्या बागेत जातो. तिथली हॅटी बघता बघता मोठी होते. शेवटी कळतं, वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या घरमालकीणबाई म्हणजेच हॅटी. टॉम त्यांना मिठी मारतो, लहान मुलीला मारावी तशी.

ज्या देवाला 27 चतुर्युगं एका गाण्याएवढी, त्याच्यापाशी आजीचं बालपण संपलेलं असेल, हे मला पटत नाही. हीच माझी श्रद्धा.

नातीला गोष्ट सांगताना मी ब्रह्मलोकाहून परतायच्या वाटेवर थांबते आणि रेवतीला बोलू देते. परवा नात म्हणाली, “पण तिची आई कुठंय?” म्हटलं, सप्ताहात महाराजांनाच विचार, सगळ्यांसमोर.