मोजल्याशिवाय बोलायचं नाही

"सर, रेंजच नव्हती."

हे वाक्य यापुढे माझ्यासमोर उच्चारायचं नाही. काम काय दिलं होतं, आठव. आपापल्या गावात दहा जागा निवडायच्या. प्रत्येक जागी उभं राहून फोनला किती डीबीएम सिग्नल मिळतो ते वहीत लिहायचं. सकाळी एकदा, रात्री एकदा. बस्स, एवढंच. बाकीच्यांच्या वह्या आल्या, तुझी आली नाही. का नाही आली? तर रेंज नव्हती! अरे, सिग्नल मोजायचं काम होतं ना? मग सिग्नल नसणं हेच उत्तर होतं. कुठे नव्हता, किती वाजता नव्हता, ओट्यावर नव्हता की माळवदावरही नव्हता, तेच तर मला हवं होतं. जी सबब म्हणून तोंडावर फेकलीस, ती वहीत लिहिली असतीस तर पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते.

तू इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहेस. किराणा दुकानदार 'टॉवर येत नाही' म्हणाला तर मी ऐकून घेईन. तू म्हणालास तर नाही. दुसऱ्या वर्षाच्या पोरांना तू डेसिबल समजावून सांगत होतास, ते मी ऐकलंय. दहा डेसिबल म्हणजे दहापट, वीस म्हणजे शंभरपट, तीस म्हणजे हजारपट. एका दमात सांगितलंस आणि पोरांना पटलंही. म्हणजे डोकं आहे. वाचा आहे. मग अडलंय कुठे? कळतं, पण वळत नाही. तुझा रोग एवढाच, आणि त्यावर औषध फक्त तुझ्याकडे आहे.

काढ फोन. सेटिंगमध्ये जा, अबाऊट फोन उघड, सिम स्टेटस बघ. सिग्नल स्ट्रेंग्थचा आकडा समोर आहे. उणे पंच्याऐंशी असेल तर उत्तम. उणे एकशे पंधरा असेल तर फोन कसाबसा तग धरून आहे. दोघांत तीस डेसिबलचा फरक. म्हणजे किती पट? तूच त्या पोरांना सांगितलंस ते. आणि मला काय सांगतोस? 'दोन काड्या दिसत होत्या, सर.' कसल्या काड्या? किती डीबीएमला किती काड्या दाखवायच्या, हे फोन बनवणारी प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. ताप न मोजता 'अंग गरम लागतंय' म्हणून सुई टोचणाऱ्या डॉक्टरकडे तू आईला नेशील का? मग स्वतःच्या विद्येत असला अदमासपंचे धंदा तुला चालतो कसा?

स्क्रीनवर 'इमर्जन्सी कॉल्स ओन्ली' आलं की तू फोन खिशात टाकतोस. त्याचा अर्थ काय होतो, सांग बघू. तुझ्या कंपनीचा सिग्नल तिथे नाही, पण दुसऱ्या कुणाचा तरी पोहोचतोय. वेळप्रसंगी ११२ लागावा म्हणून फोनने तो टॉवर धरून ठेवलाय. म्हणजे कंपनी बदलली तर तिथे फोन लागू शकतो. गावाच्या उपयोगाची बातमी तुझ्या हातात होती. ती खिशात गेली. वहीत का नाही आली?

तुझी आई फोन वाजला की मागच्या दाराने परसात धावते. घरात आवाज तुटतो म्हणून. का तुटतो, हे तिला कधी सांगितलंस? फाइव्ह-जीचा बराचसा कारभार ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झची लहर लांब जाते, भिंतीतूनही बरी शिरते. ३३००ची लहर दगडी भिंतीपाशी दमते आणि वर पत्रा असला की आणखी अडते. फ्रीक्वेन्सी दुप्पट झाली की मोकळ्या जागेतही सहा डेसिबल जातात, हे सूत्र तू परीक्षेत मांडलंस आणि मार्क घेतलेस. मग आईच्या फोनचं नेटवर्क मोड बदलून फोर-जीवर ठेवून बघितलंस का? त्याला किती वेळ लागतो? परीक्षेपुरतं शिकायचं आणि घरात शिरताना ते चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायचं, हे कुठलं शिक्षण?

दुसरी सबब, नेटपॅक संपला. किती होता? रोजचा दीड जीबी. अठ्ठावीस दिवसांचे बेचाळीस जीबी. कशात गेले? बोल ना. रात्री बाराच्या आत 'उरलेला डेटा वाया जाऊ नये' म्हणून अंगठ्याने रील्स सरकवत बसतोस. वाया डेटा जात नाही रे, रात्र जाते. आणि डेटा संपला तरी नेट बंद पडत नाही. वेग ६४ केबीपीएसवर येतो. आता गणित कर. ६४ किलोबिट म्हणजे सेकंदाला आठ किलोबाइट. तुझ्या नोंदींचा तक्ता झाला चाळीस किलोबाइटचा. पाच सेकंद! फार तर दहा धर. पाच सेकंदांच्या कामाला तू आठवडा लावलास आणि दोष दिलास पॅकला. त्यातून मी वही मागितली होती. वहीला कुठला डेटा लागतो?

आता तिसरी सबब. मला सगळ्यात जास्त चीड हिचीच आहे. 'फोन जुना झालाय सर, नवीन मॉडेल येतंय, ते घेतलं की नीट सुरू करतो.' बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! न आलेल्या फोनचा कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, चिप कुठली, रंग किती, हे तुला तोंडपाठ. हातातल्या फोनमध्ये किती बँड चालतात, ते विचारलं की गप्प. अफवांवर जीव टाकणाऱ्यांचं काय होतं, ते तू लहान होतास तेव्हापासून जग बघतंय. २०११ साली आयफोनचं रूप पार बदलणार अशी आवई उठली. लोक तर सोड, केस बनवणाऱ्या कंपन्यांनीही त्या ऐकीव मापाच्या केस तयार करून ठेवल्या. ४ ऑक्टोबरला प्रत्यक्षात आला आयफोन ४एस, आधीच्याच अंगकाठीचा. केस पडून राहिल्या.

आपल्याकडचं हवं? फेब्रुवारी २०१६. नोएडाच्या एका कंपनीने २५१ रुपयांत स्मार्टफोन देतो म्हणून जाहीर केलं. फ्रीडम २५१. पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोसळलं. कोट्यवधी लोकांनी नावं नोंदवल्याचा दावा झाला. स्क्रीन, बॅटरी, चिप यांच्या किमती ज्याला ठाऊक आहेत, त्याला कागदावर बेरीज करून कळलं असतं की २५१ रुपयांत हे बसत नाही. पुढच्या वर्षी फसवणुकीच्या तक्रारीवरून कंपनीच्या संचालकाला अटक झाली. तेव्हा फसलेल्यांतले बरेच जण साधे होते, त्यांना बेरीज कुणी शिकवली नव्हती. तुला शिकवली आहे. तरी तू अफवांच्याच रांगेत उभा.

आणि फोन जुना म्हणजे किती जुना? दोन वर्षांचा. काही कंपन्या आता त्यांच्या वरच्या मॉडेलना सात-सात वर्षं अपडेट द्यायला लागल्यात, आणि तुला दोन वर्षांत फोन म्हातारा वाटतो. कारखान्याकडून तुमच्या उसाचं बिल अजून जमा झालेलं नाही. त्यात सोसायटीचं कर्ज कापून जाणार, खताची उधारी जाणार. उरेल त्यावर तू नव्या फोनचे हप्ते मांडून बसलास. बापाला विचारलंस? त्याने नाही म्हटलं नसतं, हे तुला माहीत आहे. म्हणूनच विचारायची लाज वाटायला हवी होती. आणि एक लक्षात ठेव. नवा फोन गावात टॉवर उभा करत नाही. डोंगराआड सिग्नल नसेल तर तो पंधरा हजारांच्या फोनलाही नाही आणि दीड लाखाच्या फोनलाही नाही.

पारावर बसून कंपन्यांना शिव्या घालायला मात्र तू पहिला. तक्रार केलीस? १९८ला फोन लावलास? तक्रारीचा क्रमांक घेतलास? त्यांनी दाद दिली नाही तर त्याच कंपनीच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे जाता येतं, एक रुपया लागत नाही. गेलास? नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय २० जानेवारी २०११पासून देशभर आहे. 'पोर्ट' लिहून पुढे नंबर टाकायचा, १९००ला पाठवायचं, येणारा कोड चार दिवस चालतो. पाठवलास कधी? नाही. कारण तक्रार केली की पाठपुरावा करावा लागतो. कुरकुरीला पाठपुरावा लागत नाही. कुरकुर फुकट आहे, म्हणून तुला आवडते.

आता तरी कळलं का, मी ती वही का मागत होतो? दूरसंचार नियामक ट्रायने २०२४च्या नियमांत कंपन्यांना सांगितलं की कुठे कुठलं नेटवर्क मिळतं त्याचे नकाशे आपापल्या संकेतस्थळावर ठेवा. तुझ्या गावावर कंपनीने रंग भरलेला असेल आणि तुझ्या वहीत त्याच जागेपुढे 'सिग्नल नाही' असेल, तर तो पुरावा झाला. तारीख, वेळ, जागा, आकडा. तो कागद सरपंचाच्या अर्जाला जोडता येतो, अपिलात मांडता येतो. 'आमच्याकडे रेंज नसते हो' या वाक्याला कुणी विचारत नाही. दहा जागांच्या वीस आकड्यांना उत्तर द्यावं लागतं. गावाचं गाऱ्हाणं आकड्यांत मांडू शकेल असा गावात दुसरा कोण आहे? नाव सांग. नाही ना? मग ते काम कुणाचं?

आणि तुझी आजी? तिच्याकडे बटणांचा साधा फोन. त्याला इंटरनेट चालत नाही. दर अठ्ठावीस दिवसांनी तू त्याला डेटाचं पॅक मारतोस. अठ्ठावीस दिवसांचा महिना धरला की वर्षाला तेरा रिचार्ज होतात, हेही कधी मोजलं नसशील. ट्रायने २०२२ साली तीस दिवसांचं पॅक ठेवायला लावलं. डिसेंबर २०२४मध्ये आणखी नियम केला की ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचं पॅक द्यायलाच हवं. जानेवारी २०२५पासून अशी पॅक मिळतात. आजीला हे ठाऊक असण्याचं कारण नाही. तुला आहे. न आलेल्या हँडसेटची बित्तंबातमी ठेवणाऱ्याला आजीच्या पॅकची यादी दोन मिनिटं वाचायला होत नाही? निराधार योजनेच्या पैशांतून ती तुझ्या हातात रिचार्जचे पैसे मोजून देते. ती नातवाच्या शिक्षणावर विश्वास ठेवते. तू त्या विश्वासाचं काय केलंस?

'आपल्याकडे साधनंच नाहीत, सर' हेही म्हणून झालंय तुझं. १९८४ साली सी-डॉट ही सरकारची दूरसंचार संशोधन संस्था सुरू झाली तेव्हा कुठली साधनं होती? पोरगेल्या वयाच्या इंजिनिअरांनी खेड्यासाठी १२८ लाइनींचं एक्स्चेंज बनवलं. वातानुकूलित खोलीशिवाय, धुळीत आणि उन्हाळ्यात चालणारं. १९८६ साली त्यातलं पहिलं बसलं ते बेळगावाजवळच्या कित्तूरला. आयआयटी मुंबईत असताना अभय करंदीकर सरांच्या गटाने पालघर जिल्ह्यातल्या गावांत टीव्हीच्या रिकाम्या पडलेल्या पट्ट्यातून इंटरनेट पोहोचवून दाखवलं. सप्टेंबर २०२५मध्ये बीएसएनएलचं स्वदेशी फोर-जी सुरू झालं. त्यातलं कोअर सी-डॉटचं, रेडिओ तेजसचा, जुळवाजुळव टीसीएसची. ही माणसं काय शिकली होती? जे तू शिकतोयस तेच. त्यांनी आधी रेंज येऊ दे, मग काम करतो, असं म्हटलं असतं तर आज तुला कुरकुर करायलाही फोन लागला नसता.

तुझ्यात काही नसतं तर मी एवढं बोललो नसतो. हजेरी मांडून पुढे गेलो असतो. ज्याला येत नाही त्याच्यावर मी कधी ओरडलोय, सांग. त्याच्याजवळ बसतो, पुन्हा समजावतो. तुला येतं. म्हणून तुला माफी नाही. येत असून न करणं ही चोरी आहे, आणि ती तू माझी करत नाहीस. घरच्यांची करतोस, गावाची करतोस, स्वतःची तर रोजच करतोस.

तेव्हा आता ऐक. शनिवारी गावी जा. शाळा, दवाखाना, दूध डेअरी, एसटीचा थांबा, स्मशानभूमी, वरची वस्ती, जिथे माणसाला अडीअडचणीला फोन लावावा लागतो अशा दहा जागा निवड. लाईट असताना मोज, लाईट गेल्यावरही मोज. टॉवरची बॅटरी किती वेळ साथ देते तेही कळेल. जिथे सिग्नल नाही तिथे 'नाही' लिही आणि वेळ टाक. आईच्या फोनचं सेटिंग बदल. आजीचं पॅक बदल. गावाची तक्रार नोंदव आणि तिचा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिही. सोमवारी पहिल्या तासाला वही माझ्या टेबलावर पाहिजे. नवा फोन आला की नाही, हे मला सांगायचं नाही. रेंज होती की नाही, हे तोंडाने सांगायचं नाही. आकडा दाखवायचा.