गेटवरचे मास्तर

मराठीत मास्तर दोन प्रकारचे. एक शाळेतले, दुसरे गिरणीतले. गिरणीतल्यांच्या पुन्हा पोटजाती: स्पिनिंग मास्तर, वीव्हिंग मास्तर, डाइंग मास्तर. माझे वडील या दुसऱ्या गोतातले. माटुंग्याच्या व्हीजेटीआयतून कापडाची पदविका घेऊन ते लोअर परळच्या एका गिरणीत लागले आणि साचेखात्यात असिस्टंट वीव्हिंग मास्तर झाले. साचे म्हणजे माग. त्यांच्या शर्टाच्या खिशात घडी घालता येणारे पितळी भिंग असे. ते कापडावर टेकवायचे आणि इंचात उभे किती धागे, आडवे किती, ते मोजायचे. लग्नाकार्यात कुणी हौसेने नवी साडी दाखवली तरी यांचा हात खिशाकडे जाई. आईला त्याची फार लाज वाटे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. वडील नेहमीप्रमाणे पार्ल्याहून लोकल पकडून निघाले. गेटवर गर्दी होती, घोषणा चालू होत्या. ते जवळ आले तशा घोषणा थोड्या खाली बसल्या आणि एक वयस्क साचेवाला पुढे झाला. माणूस सिंधुदुर्गातला, वडिलांपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठा. वडील त्याला ‘अरे’ म्हणत, तो त्यांना ‘अहो मास्तर’. तो म्हणाला, “मास्तर, डबा आणलायत ना? आज कँटीन बंद आहे.”

वडील आत गेले. हे वाक्य त्यांनी नंतर आम्हाला कितीदा सांगितले असेल, पण प्रत्येक वेळी सूर वेगळा. कधी ती माया असे, कधी टोमणा. ते नेमके काय होते, हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आले नाही.

संप म्हटला की आपण मालक आणि कामगार अशा दोन बाजू धरतो. पण मालक गेटवर नसतो. गेटवर असतो पगारदार माणूस. त्याने संपाचे कारण निर्माण केलेले नसते आणि तो मिटवण्याचा अधिकारही त्याला नसतो. शिव्या मात्र त्याच्या वाट्याला येतात. मालकाच्या वतीने नोटीस लावतो तो, निलंबनाच्या पत्राखाली सही त्याची. या माणसाविषयी मराठीत फारसे कुणी लिहिले नाही. साहित्याने कामगार उभा केला. मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’पासून जयंत पवारांच्या ‘अधांतर’पर्यंत गिरणगाव आपल्याला भेटते. मास्तर भेटलाच तर खलनायक म्हणून, नाहीतर पार्श्वभूमीला. तो बिचारा होता असे मला अजिबात म्हणायचे नाही. पगार त्याला चांगला होता, घर पार्ल्यात होते आणि वयाने मोठ्या माणसाला तो ‘अरे’ म्हणत होता. माझा प्रश्न निराळा आहे. रोज आठ तास एका छताखाली, त्याच रुईच्या धुळीत वावरणारी ही दोन माणसे एकमेकांशी बोलत का नव्हती?

कारण मुंबईच्या गिरण्यांत हे बोलणे पहिल्यापासून तिसऱ्याकडे सोपवलेले होते. कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६ साली सुरू झाली. पुढे गिरण्या वाढत गेल्या तसे तंत्र जाणणारे मास्तर आले, त्यांतले बरेच थेट लँकेशायरहून. त्यांना कोकणी, घाटी बोली कुठून कळणार? मध्ये आला जॉबर. माणूस कामावर घ्यायचा त्याने, काढायचा त्याने, रजा द्यायची त्याने, गावी जायला पैसे उसने द्यायचे त्यानेच आणि नोकरी लावल्याबद्दल दस्तुरीही त्यानेच घ्यायची. वाइंडिंगमधल्या बायांवर नाईकीण असे. खात्यात कोण आजारी आहे, कोणाचे कोणाशी वाकडे आहे, हे मास्तरला ठाऊक असण्याची गरजच नव्हती. त्याने फक्त कापड पाहायचे. खराब निघालेले कापड विणणाऱ्याच्याच गळ्यात मारून पैसे पगारातून कापून घ्यायचे, अशीही एक काळी रीत होती. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपाच्या काळात तिच्याविषयी पुष्कळ तक्रारी झाल्या. खोलात बघितले तर साचेखात्यात आणखी एक भिंत होती. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून दलित कामगारांना तिथे सवर्ण कामगारच येऊ देत नसत. डॉ. आंबेडकरांनी याच मुद्द्यावर युनियनच्या पुढाऱ्यांना जाब विचारला होता. म्हणजे एकी हा शब्दही तिथे जपूनच वापरावा लागतो.

शब्दाचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. ‘संप’ हा शब्द गुजरातीतही आहे, पण तिथे त्याचा अर्थ एकी, सलोखा. ‘संप त्यां जंप’ अशी त्यांची म्हण आहे, म्हणजे एकी तिथे स्वस्थता. काम बंद पाडण्याला ते हडताळ म्हणतात. आपल्याकडे कामगारांची एकी झाली की काम बंद पडते, एवढाच अनुभव असल्यामुळे की काय, संप म्हणजे थेट काम बंद. मुंबईच्या गिरण्यांचे मालक बरेचसे पारशी, भाटिया, म्हणजे गुजराती बोलणारे. त्यांच्या कानावर ‘संप’ कसा पडत असेल, याचे मला लहानपणापासून कुतूहल आहे.

हा नुसता शब्दखेळ नाही. मुंबईच्या संपावर गुजराती ‘संपा’ची सावली खरोखरच पडलेली आहे. १९१८ साली अहमदाबादेत प्लेगचा बोनस बंद झाला आणि विणकरांनी ५० टक्के वाढ मागितली. मालक २० टक्क्यांवर अडले. गांधीजींनी हिशेब करून ३५ चा आकडा काढला. मालकांच्या बाजूला अंबालाल साराभाई, मजुरांच्या बाजूला त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन. साबरमतीच्या काठी बाभळीखाली रोज सभा होत. शेवटी गांधीजींचा तीन दिवसांचा उपास, आणि मग अशी तडजोड की ती वाचून आजही हसू येते: पहिल्या दिवशी ३५ टक्के, म्हणजे मजुरांचा शब्द राहिला, दुसऱ्या दिवशी २०, म्हणजे मालकांचा राहिला, त्यानंतर लवादाचा निकाल लागेपर्यंत मधले साडेसत्तावीस. लवाद आनंदशंकर ध्रुवांनी पुढे ३५ च दिले. भांडण कडाक्याचे होते, पण भांडणारे एकमेकांना ओळखत होते. त्यातूनच १९२० मध्ये मजूर महाजन ही कामगार संघटना उभी राहिली.

या मजूर महाजनाचे चिटणीस वीसहून जास्त वर्षे गुलझारीलाल नंदा होते. १९४६ साली ते मुंबई प्रांताचे मजूरमंत्री झाले आणि त्यांनी मुंबई औद्योगिक संबंध कायदा आणला. गिरणगावात तो ‘बीआयआर ॲक्ट’ या नावाने शिवीसारखा बोलला जाई. एका शहरात, एका धंद्यात एकच प्रातिनिधिक संघटना. मालकाशी बोलेल ती तीच, सही करील ती तीच. ती कोण हे मतपेटीतून ठरायचे नाही, सभासदांच्या नोंदी तपासून ठरायचे. अहमदाबादेत जे वर्षानुवर्षांच्या ओळखीतून उगवले होते, ते मुंबईला कलमांच्या रूपात मिळाले. इथे तो मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला. संघ काँग्रेसच्या इंटकचा, आणि सरकारही काँग्रेसचे. समाजवाद्यांनी १९५० मध्ये बोनससाठी दोन महिने संप करून ही कोंडी फोडायचा प्रयत्न केला. फुटली नाही.

नंदांची नियत खोटी होती असे मला वाटत नाही. रोज उठून नव्या पुढाऱ्याशी करार करावा लागू नये, ही कारखानदारीची रास्त गरज आहे. पण जॉबर गेला आणि त्याच्या खुर्चीत कायद्याने एक संघटना बसवली, एवढाच काय तो फरक झाला. मास्तर आणि साचेवाला यांच्यामधले बोलणे पुन्हा तिसऱ्याकडे. जॉबर निदान खात्यात तरी दिसायचा.

१९८१ च्या दिवाळीत संघाने बोनसचा करार केला आणि तो कामगारांना पटला नाही. दिवाळी तोंडावर आली की गिरणगावात बोनसशिवाय दुसरा विषय नसे. गावी कोण जाणार, पोरांना कपडे होणार की नाही, सगळे त्या आकड्यावर. स्टँडर्ड मिलचे कामगार घाटकोपरला डॉ. दत्ता सामंतांच्या दारात गेले. सामंत खरेच डॉक्टर होते आणि कामगार त्यांना नुसते ‘डॉक्टर’च म्हणत. इंजिनिअरिंग कारखान्यांत घसघशीत पगारवाढ मिळवून देणारा पुढारी अशी त्यांची ख्याती होती. तीन महिन्यांत सुमारे ६० गिरण्या आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार संपात उतरले. पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणे, घरभाडे भत्ता या मागण्या होत्याच, पण मुळावरची मागणी होती तो कायदा आणि संघाची मक्तेदारी जावी ही. म्हणजे, आमच्या वतीने कोण बोलणार ते आम्ही ठरवणार. मालक म्हणाले, कायद्याने आम्हाला संघाशिवाय कुणाशी बोलता येत नाही. खरेच होते ते, आणि सोयीचेही.

सामंतांचेही गणित चुकले, हे त्यांच्याविषयी आदर ठेवूनच म्हणतो. एकेका कारखान्याला भिडताना मालकाला रोजचा तोटा परवडत नाही, तो वाकतो. इथे मालकांच्या गोदामात माल पडून होता आणि भिवंडीचे यंत्रमाग विणायला तयार होते. काही गिरण्या अशा होत्या की संपाने मालकाची सुटकाच झाली असावी. ऑगस्टमध्ये मुंबईचे पोलीसच बंड करून उठले तेव्हा वाटले, सरकार आता हलेल. हलले नाही. १९८३ मध्ये सरकारने १३ गिरण्यांचा कारभार हाती घेतला. संप मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही. गिरण्यांच्या जमिनी विकण्याचे दार १९९१ च्या विकास नियमावलीने उघडले, पण ते वेगळे प्रकरण.

संपाच्या त्या वर्षी वडील काय करत होते? साचे गंजू नयेत म्हणून अधिकाऱ्यांनीच ते पुसायचे, तेल घालायचे, थोडे चालवायचे असे वरून ठरले. पहिल्यांदाच ते केसांत रुई घेऊन घरी आले. आईने ती कंगव्याने काढली. कित्येक वर्षांत त्यांनी स्वतः साचा चालवला नव्हता. चार दिवस खपून त्यांनी काही वार कापड काढले आणि सवयीने भिंग लावून बघितले. मग म्हणाले, “मी असतो तर नापास केलं असतं.” आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

पावसाळ्यानंतर त्यांना दुसरे काम लागले. कामगारांच्या गावच्या पत्त्यांवर पत्रे जात होती: अमुक तारखेपर्यंत कामावर हजर व्हा, नाहीतर नाव पटावरून कमी होईल. मजकूर वरून आलेला, सायक्लोस्टाइल केलेला. खात्यातल्या माणसांच्या पत्रांवर खात्याच्या मास्तरची सही. शंभरेक सह्या केल्यावर, वडील सांगत, पहिल्यांदाच मला माझ्या माणसांची पूर्ण नावे आणि गावे कळली. मालवणजवळ कुणाचे, पाटणकडे कुणाचे. तोवर ते त्यांना साच्यांच्या नंबरांवरून ओळखत.

थोडे कामगार पोलीस बंदोबस्तात परत आले. त्यांच्याशी मास्तर लोक गोड बोलू लागले, इतके की ते कामगारच बिचकले. कोणी आत गेला की चाळीत त्याच्या बायकोशी नळावर कुणी बोलेना. अशा वेळी मधल्या फळीतल्या माणसाला आपण सत्ता गाजवतो आहोत असे वाटत असते. वडिलांना ते वाटले असेल का? मी विचारले नाही. त्यांची गिरणी पुढे रखडत चालली, आणि एका सकाळी त्यांनाही स्वेच्छानिवृत्तीचा कागद मिळाला. त्यावर कुणा तिसऱ्याचीच सही होती.

२०२१ च्या दिवाळीत एसटीचा संप पेटला तेव्हा मला हे सगळे आठवत होते. संघटनांच्या कृती समितीने माघार घेतली तरी आगारांतले चालक-वाहक हटले नाहीत. त्यांनी आपला पुढारी बाहेरून शोधला, तोही एक वकील. पुन्हा मान्यता एकाकडे आणि विश्वास दुसरीकडे. पुन्हा आगार व्यवस्थापक नावाचा माणूस फाटकात उभा, हातात बडतर्फीची यादी, आणि समोर ज्यांच्याबरोबर काल चहा घेतला ते लोक. एसटीचे राज्य सरकारात विलीनीकरण ही मागणी मान्य करणे त्याच्या बापाच्या हातात नव्हते. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने पटावरचे ५१ टक्के सभासद असलेल्या संघटनेला वाटाघाटीचा एकमेव हक्क दिला आहे. बीआयआर ॲक्टपेक्षा टक्के वाढले, हे बरेच झाले. पण विणणारा आणि मोजणारा यांना खात्यात, पाळी बदलताना, एकमेकांशी दोन शब्द बोलायला लावेल असे कलम कोणत्याही संहितेत मला सापडलेले नाही, आणि असे कलम लिहिता येते का, याचीही शंका आहे.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी वडील मला घेऊन कांदिवलीला एका नातेवाइकांकडे गेले. नवी इमारत, फाटकाशी केबिन. आतल्या वॉचमनने वही पुढे सरकवली. तोच. डबा विचारणारा. वडिलांनी ओळखले, त्यानेही. दोघेही क्षणभर गप्प. मग वडिलांनी वाकून नाव लिहिले, कोणाकडे, किती वाजता. ‘कामाचे स्वरूप’ हा रकाना आला तिथे थबकले आणि ‘भेट’ लिहिले.

“कसे आहात?” वडील म्हणाले. ‘अहो’ करून बोलले, हे मी ऐकले.

त्याने वही आपल्याकडे वळवून ओळीवरून बोट फिरवले आणि पुन्हा त्यांच्यापुढे केली.

“मास्तर, सही राहिली.”