कासवीची नजर

अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा बोरीच्या पात्रात भरते. तिथल्या कीर्तनांत एक दृष्टान्त हमखास कानावर पडतो: कासवी पिल्लांना पाजत नाही, नुसत्या नजरेनं पोसते, तशी विठाईची कृपा. मी जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं. दृष्टान्त पटत नसे आणि सोडवतही नसे.

कारण खरी कासवी पिल्लांकडे बघतच नाही. कोकणात ऑलिव्ह रिडले रात्री किनाऱ्यावर येते, हातभर खड्डा खणते, शंभरेक अंडी घालते, वाळू थापते आणि निघून जाते. पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघतात तेव्हा आई कुठच्या कुठे. मग पोसणारी नजर कोणाची?

मंडणगड तालुक्यातल्या वेळासला पूर्वी ही अंडी माणसंच उकरून न्यायची, उरलीसुरली कोल्ही-कुत्री. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं तिथे काम सुरू केलं. आता गावातलेच लोक पहाटे माग काढतात, अंडी जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोल पुरतात, दिवस भरत आले की वर टोपली पालथी घालतात. पिल्लं निघाली की उचलून पाण्यात टाकत नाहीत. वाळूवर ठेवतात, पुढचं चालणं त्यांचं. बघायला पर्यटक येतात, त्यांच्या राहण्याजेवणाचे पैसे घरोघरी मिळतात. ही काही निष्काम सेवा नव्हे, असं कोणी म्हणेल (अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर आहे, वादाला तोटा नाही). मला त्यात खोट दिसत नाही. वारकरीही पेरणी उरकूनच निघतो.

एका बुवांना मी छेडलंच. ते हसून म्हणाले, "बाई, तुम्ही आईकडे बघताय. पिल्लाकडे बघा. आई दिसत नाही, तरी ते पाण्याकडेच जातं ना?" उत्तर बिनतोड होतं, पण टोपली वेळेवर उचलली नाही तर पिल्लू उन्हात मरतं, हे त्यांच्या उत्तरात बसत नव्हतं.

खान्देशात समुद्र नाही, पण तापी-गिरणेत गोड्या पाण्यातली कासवं आहेत. ती धरणं, विकणं, घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा. तरी जळगावात नात्यातल्या एका घरी देव्हाऱ्याशेजारच्या काचेच्या टाकीत एक आहे. दिवसभर काचेवर नखं घासत असतं. वहिनी म्हणाल्या, "जठे कासव, तठे लक्ष्मी." घरातला प्रत्येक जण येताजाता त्याच्याकडे बघतो, अगदी प्रेमानं.

मी वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लिहून दिला. परस्पर नदीत सोडू नका, त्यांनाच बोलवा, म्हटलं.

"लक्ष्मीपूजन झालं की देते," वहिनी म्हणाल्या.