जीर्णोद्धार आणि दात्याचा धर्म

जीर्ण वास्तूचा उद्धार हे पुण्यकर्म होय. परंतु जुने पाडून नवे उभारणे म्हणजेच उद्धार काय, याचा विचार दात्याने अवश्य करावा.

पनवेल नगरीत १८५२ साली नगरपालिका व २०१६ साली महानगरपालिका स्थापन झाली. १९६६ च्या नगररचना अधिनियमानुसार बांधकामास पूर्वपरवानगी लागते. मुंबईत १९९५ पासून वारसा यादीतील वास्तूत बदल करण्यापूर्वी वारसा समितीचे मतही घेतले जाते. मात्र कोणत्याही यादीत नसलेल्या जुन्या देवळाचे रक्षण बहुतांशी भाविकांच्या विवेकावरच सोपविलेले असते.

बदल मुळीच निषिद्ध नाही. याच रायगड जिल्ह्यातील पालीच्या श्रीबल्लाळेश्वराचे मूळ लाकडी मंदिर जाऊन अठराव्या शतकात दगडी मंदिर उभे राहिले. कुजलेली तुळई बदलणे हे तर कर्तव्यच आहे, कारण तिच्याखाली भाविक उभे राहतात. परंतु केवळ संगमरवराच्या शोभेसाठी वा नामफलकासाठी सुस्थितीतील दगड उखडणे म्हणजे पूर्वीच्या अनाम दात्याचे दान मोडणे होय. देवास अर्पण झालेल्या वस्तूवर दात्याचाही हक्क उरत नाही. मग नंतरच्या दात्याचा कोठून असणार? जुने दान सांभाळण्यासाठी दिलेले द्रव्य हेही श्रीचरणी तितकेच रुजू होते.